नकाशाच्या पाठीवरची अंत्ययात्रा

माझं अक्षर चांगलं आणि जीभ वाईट, असं माय येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. दोन्ही खरं होतं. अक्षराच्या जोरावर मला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. जिभेनं जे केलं ते लिहायला मात्र मी म्हातारपण गाठलं.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. चांदा जिल्ह्यात, मूल गावाच्या पुढे, जंगलाच्या तोंडाशी आमचं गाव, आणि गावाबाहेर तळ्याच्या पाळीखाली आमचा मोहल्ला. त्या मोहल्ल्यातली मी पहिली मास्तरीण. गावातल्या शाळेत लहानपणी मला वर्गातून उठवलं होतं, मी ओसरीवर बसून शिकले होते, आणि आता गावातल्याच मुलींना वर्गात उभी राहून बेरजा शिकवत होते. मी खुर्चीवर बसत नसे, म्हणून हेडबाईंना वाटायचं, पोर मोठी नम्र आहे. नम्र कसली, अंगात नुसती चुळबुळ असायची. वर्गात पाच मिनिटं एका जागी मला बसवत नसे.

बा कोळशाच्या भट्टीवर होता. गावापासून तीन मैल आत कूप होतं, म्हणजे त्या सालाला तोडीसाठी दिलेला जंगलाचा तुकडा. तिथे धावड्याची, ऐनाची लाकडं घुमटासारखी रचायची, वरून पाला आणि माती लिंपायची आणि पोटात विस्तव सोडायचा. मग आठ-दहा दिवस ती आतल्या आत धुमसत राहते. त्या दिवसांत भट्टी एकटी सोडायची नाही. मातीला कुठे भोक पडलं आणि वारा आत शिरला की सगळ्या लाकडाची राख होते. म्हणून दोन माणसं असतात. एक बा, दुसरा त्याचा जोडीदार, ज्याला मी काका म्हणायचे. काकाला ना बायको, ना पोर. भट्टी हेच त्याचं घर.

त्या वर्षी पाऊस लवकर उघडला आणि कंत्राटदारानं दसऱ्याच्या आधीच भट्टी पेटवायला लावली. आणि नेमकी तेव्हाच खबर आली की नागपूरचा सोहळा आटोपून साहेब चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, येणार, आपल्या लोकांना दीक्षा देणार. साहेब म्हणजे कोण, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. ज्यांनी आम्हाला माणसांत आणलं ते. आमच्या घरात त्यांचं नाव कुणी उच्चारत नसे. साहेब म्हणायचं, आणि म्हणताना बायांनी पदर सारखा करायचा.

सगळा मोहल्ला निघाला. कुणी छोट्या गाडीनं, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेनं, कुणी खासराच्या बैलगाडीनं, कुणी पायी. बा मात्र निघाला नाही.

"भट्टी पेटली आहे," तो म्हणाला. "सोडून कसा येऊ? साहेब का एकदाच येऊन राह्यले? आणखी येतीन."

मला त्याचा इतका राग आला की निघताना मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. उभा जन्म ज्या माणसाची वाट पाहिली तो पंचवीस-तीस कोसांवर येतोय, आणि हा लाकडं राखत बसणार! मी आणि माय गेलो. दीक्षा घेऊन आलो. चार दिवसांनी बा तांदूळ-मीठ न्यायला घरी आला. दारातच उभं राहून त्यानं विचारलं, "पाह्यलं का वो माय? कसे दिसते साहेब?"

तो मला लाडानं माय म्हणायचा. मी सुपात तांदूळ पाखडत होते. म्हटलं, "पाहाचं होतं त चांद्याले याचं होतं."

तो मायकडे वळला. पण माय बुटकी. तिला चांद्यात पुढच्या बायांच्या पाठींशिवाय काहीच दिसलं नव्हतं. "लय गर्दी होती," एवढंच ती परत परत सांगत राहिली. बानं तांदळाचं गाठोडं उचललं आणि गेला. त्यानं पुन्हा विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दोन महिनेही झाले नव्हते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी छोट्या गाडीच्या गार्डानं स्टेशनावर बातमी सांगितली की साहेब गेले.

कुणाचाच विश्वास बसेना. चांद्याला नेसलेली पांढरी लुगडी अजून नवीच होती, आणि गेले म्हणजे काय? त्या दिवशी मोहल्ल्यात एक चूल पेटली नाही. तरण्या पोरांनी मुंबईला जायचं ठरवलं. स्टेशनावर जाऊन कळलं की इथून पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल. तीही परत आली. मग सगळेच नुसते या घरातून त्या घरात फिरत राहिले. धान मळायचे दिवस होते, खळी तशीच पडून राहिली. माझ्यात तर बसण्याचा दमच नव्हता. मी तीनदा पाणी भरून आणलं, घरात रांजण भरलेला असताना.

दोन दिवसांनी नागपूरचा पेपर आला. त्यात मुंबईच्या अंत्ययात्रेचा फोटो होता. ट्रक, त्यावर फुलांचा ढीग, आणि चहूकडे डोकीच डोकी. मोहल्ल्यातले एक वाचता येणारे म्हातारे होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. पेपर घेऊन ते आमच्या घरी आले.

"पुढच्या रविवारी सभा घेऊन राह्यलो," भाऊ म्हणाले. "चांद्याले जे जाऊ शकले नाई त्याईले मी दीक्षेचे शब्द देईन. पण समोर साहेब पाह्यजेत ना? मोहल्ल्यात एक फोटो नाई. तू काढून दे."

"मी? मी नकाशे काढते, भाऊ."

"मंग माणसं काढ. नदीले नाकडोळे नसते म्हणून काय झालं?"

काढायचं तर कशावर, हा पहिला प्रश्न. शाळेत एक मोठा नकाशा होता, आमच्या जुन्या राज्याचा, कापडावर चिकटवलेला. नोव्हेंबरात राज्यं बदलली, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि तो नकाशा एका रात्रीत खोटा ठरला. हेडबाईंनी तो माळ्यावर टाकला होता. मी मागितला तर म्हणाल्या, "घेऊन जा, नाहीतरी उंदरं खातायत." पुढून कागद, मागून मांजरपाट. मी तो उलटा करून आमच्या भिंतीला ठोकला. पुरुषभर उंच पांढरं कापड मिळालं.

रंग नव्हते. चुलीतला कोळसा घेऊन पाहिला तर तो कापड खरवडत होता, रेघ काही उमटेना. म्हणून सभेच्या आधीच्या रविवारी सकाळी मी कुपात बाच्याकडे गेले.

नवी भट्टी लागली होती, पांढरा धूर निघत होता. काका पलीकडे माती लिंपत होता. बानं माझं ऐकून घेतलं, माझ्या हातातला कोळसा दोन बोटांत फिरवून पाहिला आणि फेकून दिला.

"हा धावडा होय. हा भाकर भाजाले. तुले नरम पाह्यजे."

त्यानं गेल्या सालच्या तुऱ्हाट्या आणल्या, तुरीच्या वाळक्या काड्या. वीतभर तोडल्या, साल काढली, तेलाच्या रिकाम्या डब्यात खच्चून भरल्या. झाकणाला चिखल लिंपला, सुईएवढं भोक ठेवलं आणि डबा कडेच्या निखाऱ्यात पुरला. त्या भोकातून धुराची दोरी निघायला लागली. ती थांबली की काड्या झाल्या, असं म्हणून तो माझ्यासमोर उकिडवा बसला.

"कोणतं चित्र काढून राह्यली?"

मी पेपर दाखवला. काळं लागू नये म्हणून त्यानं तो हातात घेतला नाही, नुसता वाकून पाहिला.

"हे काय होय?"

"ट्रक होय. त्याच्यावर साहेब निजवले आहेत."

"चेहरा कुठी?"

मी बोट ठेवलं. बोटाखाली ज्वारीच्या दाण्याएवढा करडा ठिपका होता.

बा त्या ठिपक्यावर आणखी वाकला. मग म्हणाला, "मी पहिल्यांदा पाहून राह्यलो त्याईले. आन तू मले मेलेले दाखवते? चांद्याचे काढ ना. तू त पाह्यलं."

इथे मी खरं बोलायला हवं होतं. खरं असं होतं की चांद्यात मलाही धड दिसलं नव्हतं. माणसांच्या डोक्यांवरून, फार लांब, एक चमकलेला चष्मा आणि कुणाच्या तरी खांद्यावर टेकवलेला हात, एवढंच. पण दोन महिने मी मोहल्ल्यात "मी पाहिलं" म्हणून मिरवले होते. आता नाही कसं म्हणणार? मग माझी जीभ सुटली.

"जिते होते तवा बलावलं होतं, बा. तवा तू इथी लाकडं राखत बसला. आता जे भेटते थेच पाह्य."

पलीकडे काकाचा लिंपणारा हात थांबला. बानं काडीनं डबा उकरला, भोकातला धूर थांबला होता. गरम डबा पाल्यात गुंडाळून त्यानं माझ्यापुढे ठेवला आणि उठून भट्टीच्या मागे गेला. मी तीन मैल तो डबा पोटाशी धरून चालले, आणि सगळ्या वाटेनं स्वतःला सांगत होते की मी खोटं काय बोलले.

काड्या मात्र अशा झाल्या होत्या की काय सांगू. नुसतं टेकवलं की काळंभोर उमटायचं, बोटानं पुसलं की धुरकट. मी आधी गर्दी घेतली, ती सोपी. शाळा सुटली की घरी येऊन भिंतीशी उभी राहायची. डोकी, टोप्या, पदर. माणसं मुंबईची, पण मला मुंबईची माणसं कुठे ठाऊक? हात आपोआप ओळखीची डोकी काढत होता. तिसऱ्या दिवशी माय मागे येऊन उभी राहिली.

"ही त मीच होय," ती म्हणाली.

होतीच ती. बुटकी, पदर दातात धरलेली.

झालं. मोहल्लाभर बोभाटा झाला की मास्तरीण माणसांना मुंबईला नेऊन राह्यली. खळ्यावरून थेट लोक यायचे. ज्यांना गाडी मिळाली नव्हती ती तरणी पोरं आली. एकजण म्हणाला, माझा पटका नीट काढ, मी असा बांधत नाही. एकीनं कडेवरच्या लेकरासकट काढ म्हणून हट्ट धरला. मोहल्ल्याच्या टोकाला एक म्हातारी राहायची, डोळ्यांत फूल पडलेली. ती काठी टेकत आली आणि म्हणाली, "मले पुढे घे, बाई. मागून दिसत नाई मले." मी तिला ट्रकाच्या चाकाशी उभी केली. ती समाधानानं घरी गेली. मीही त्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

चेहरा मात्र येईना. काढला की कुणातरी दुसऱ्याचाच व्हायचा, एकदा तर चक्क तहसील कचेरीतल्या बाबूचा. शिळ्या भाताचा गोळा मळून मी कोळसा टिपून घ्यायची आणि परत काढायची. मायनं भाताच्या नासाडीवरून बोलून घेतलं. पाच दिवसांत मी तो चेहरा किती वेळा पुसला याला गणती नाही. काढताना बाचं बोलणं डोक्यात भुंग्यासारखं घुमायचं. मेलेले दाखवते? मी चिडायची, अजून काळं दाबायची, अजून बिघडायचं. शेवटी शनिवारी कंटाळून मी फक्त मिटलेले डोळे आणि कपाळ काढलं, खाली फुलं. माय म्हणाली, "निजले वाटते." मी काडी खाली ठेवली.

कोळसा कापडावर पक्का कसा करायचा ते मला ठाऊक नव्हतं. पेजेचं पाणी फुंकरीनं उडवतात असं ऐकलं होतं. कोपऱ्यात करून पाहिलं तर ठिपके पडले. तेव्हा तसंच राहू दिलं.

रविवारी दुपारी चित्र मोहल्ल्यातल्या मोकळ्या जागेत, भिंतीवर टांगलं. मी आधीच ओरडून सांगितलं होतं, कुणी हात लावायचा नाही, पुसलं जातं. लोक हूं म्हणाले. रांग लागली. सगळ्यात पुढे ती डोळ्यांत फूल पडलेली म्हातारी. ती वाकली, चाचपत तिनं चित्रातले पाय शोधले, दोन्ही हात त्यांवर ठेवले आणि कपाळ टेकलं. उठली तर कपाळ काळं आणि चित्रातला एक पाय गायब.

"अवो, सांगतलं ना हात नोका लावू म्हणून!" मी किंचाळलेच. "समजत नाई का? दूर व्हा!"

म्हातारीनं आपले काळे तळहात डोळ्यांजवळ नेऊन पाहिले.

"शिवू नोको, दूर हो," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, साधंच. "हेच आयकत म्हातारी झाली, पोरी. आता तू बी?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी बाजूला सरले. मग एकेक जण आला, वाकला, हात लावून कपाळाला नेत गेला. मी कुणालाच काही म्हटलं नाही. पाय गेले, फुलं गेली, ट्रकाची चाकं गेली. पाच दिवसांची मेहनत लोकांच्या कपाळांवर निघून जात होती, आणि मला त्याचं वाईट वाटत होतं, हेही खरंच. पण त्याहून जास्त जीव वरखाली होत होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. बा अजून आला नव्हता. तो येईपर्यंत चेहरा तरी राहील का, हीच चिंता. मी दर दोन मिनिटांनी पाळीवर जाऊन वाटेकडे पाहत होते. येणारच नाही, असंही वाटत होतं. माझ्यासारखीनं तसं बोलल्यावर कोण येईल?

तो आला. नाल्यावर आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून. नखं तेवढी काळीच होती. लोकांनी वाट दिली. तो चित्रासमोर उभा राहिला. पायांच्या जागी करडा ढग उरला होता, चेहरा शाबूत होता. बा पाहत राहिला. रडला नाही. त्याचा ओठ मात्र एका बाजूनं हलत होता. मग भाऊंनी दीक्षेचे शब्द म्हणायला सुरुवात केली. मागून आठ-दहा जण म्हणत होते, पण मला एकच आवाज ऐकू येत होता, धुरानं घोगरा झालेला, प्रत्येक शब्दाशी अडखळणारा.

संपल्यावर म्हातारीनंच विषय काढला. "यालेबी घे वो गर्दीत. आमी सारे आहो, हाच नाई."

मला तेच हवं होतं. माफी मागायची मला सवय नव्हती. काढायला येत होतं. मी कमरेची काडी काढली, मायच्या शेजारी जागा होती तिथे त्याच्या पटक्याची पहिली रेघ ओढली. बानं माझं मनगट धरलं.

"नोको," तो म्हणाला. "मी नोतो."

"कोणीच नोतं, बा. सारे खोटेच होत."

"थे लोक जाणार होते. गाडी नाई भेटली त्याईले. मले चांद्याले बलावलं होतं, आन मी गेलो नाई. तू बराबर बोलली." त्यानं अंगठ्यानं ती रेघ पुसून टाकली. "जातो मी. भट्टी आहे."

एवढं बोलून तो निघालाही. मी त्याच्या मागे पाळीपर्यंत पळत गेले, पण हाक मारायला तोंड उघडेना. तो झपझप जंगलात शिरला.

दिवस मावळायला आला तेव्हा लोक पांगले होते आणि मी नकाशा गुंडाळत होते. तेवढ्यात काका धापा टाकत आला. "उघड, उघड. मले बी पाहू दे." मी परत उघडला. त्यानं पाहिलं, हात लावला, कपाळाला नेला.

"तुह्या बाच्या पायी पाहाले भेटलं मले," तो म्हणाला. "येऊन चार घोट पाणी बी नाई पेला. म्हणे, जाय, तुले उजेड आहे तवरच दिसन. पहिल्यांदाबी असंच केलं त्यानं."

"पहिल्यांदा कधी?"

"चांद्याले. एकाले त थांबाच लागत होतं. मी म्हटलं, तू जाय, तुही बायको-पोर चालली. तो म्हणे, म्हणूनच तू जाय. तुह्यं कोण आहे तुले येऊन सांगाले? माही लेक जाऊन राह्यली. लेक शिकेल आहे. थे मले सारं सांगन. तिनं पाह्यलं म्हंजे मी पाह्यलं. मंग चांद्याले मी गेलो, तो राह्यला." काका माझ्याकडे पाहून थांबला. "तुले नाई सांगतलं काय त्यानं?"

मी मान हलवली. मला तिथे उभं राहवेना आणि घरीही जाववेना. दोन महिने बा माझ्याच तोंडून ऐकायची वाट पाहत होता, आणि मी त्याला काय दिलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. त्या रात्री मी जेवले नाही. मायनं विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारली, नोकरी लागल्यापासूनची पहिली. सकाळीच कुपात गेले. बा भट्टीभोवती फिरून मातीच्या भेगा बुजवत होता. मला पाहून त्याला आश्चर्य वाटलं, तरी तो फिरतच राहिला. मी त्याच्या मागोमाग भट्टीभोवती चालत, त्याच्याकडे न पाहता, सांगायला सुरुवात केली. आधी हेच सांगितलं की साहेब मलाही नीट दिसले नाहीत. मी खोटी ऐट मारली. फक्त चष्मा आणि हात.

"कोणता हात?"

"उजवा. कोणाच्या तरी खांद्यावर होता. तब्येत बरी नसन."

"हूं. मंग?"

मंग मी सगळं सांगितलं. गाडीत दाराशी उभ्यानं गेलो ते. चांद्याच्या वाटेवर पांढऱ्या कपड्यांच्या रांगा. साहेब आले तेव्हा लाखभर माणसं असूनही कशी एकदम शांत झाली. हात जोडून सगळ्यांनी एकदम शब्द म्हटले तेव्हा जमीन हलल्यासारखं वाटलं. मायला पाठीच दिसल्या आणि तरी ती रडत होती. बा मातीचा गोळा हातात तसाच धरून ऐकत होता. मध्येच म्हणायचा, थे पुन्हा सांग. मी पुन्हा सांगायचे. भट्टीभोवती आम्ही किती फेरे घातले कोण जाणे. मला वाटलं होतं, माफी मागताना जड जाईल. माफीचा शब्द मी काढलाच नाही, त्यानंही वाट पाहिली नाही.

साहेबांबद्दलचं सगळं विचारून झालं. मग तो थांबला, गोळा भेगेत दाबला आणि म्हणाला, "आन तू? तुले बसाले भेटलं काय?"

"हो. बायांमधी."

"पुढे का मांगे?"

"मधात."

"खाली काही होतं का जमीनच?"

"जमीनच. सारेच जमिनीवर होते, बा."

तो भेगेवरून बोट फिरवत राहिला. मग माझ्याकडे न पाहता, लहान आवाजात त्यानं विचारलं, "कोणी उठवलं त नाई ना तुले?"

"नाई, बा," मी म्हटलं. "कोणीच उठवलं नाई."